उष्णतेची सूक्ष्म वाट

उन्हाळ्यात धर्माबाद परिसरातील पत्र्याच्या छपराखालची वर्गखोली सकाळीच तापू लागते. जाड मातीच्या भिंतींचे घर मात्र बराच वेळ थंड राहते. पातळ लोखंडी पत्रा उष्णता चटकन आत सोडतो, जाड माती तिला रोखून धरते. पदार्थातून उष्णता कशी वाहते, याचा गणिती नियम फ्रेंच शास्त्रज्ञ जोसेफ फूरिए यांनी १८२२ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. कढईपासून बॉयलरपर्यंत तो आजही उपयोगी पडतो. परंतु वस्तूचा आकार नॅनोमीटरच्या, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या मापात आला, की हा नियम अपुरा ठरतो.

असे का घडते?

सिलिकॉनसारख्या स्फटिकात अणूंची कंपने लहरींच्या रूपाने उष्णता वाहून नेतात. या लहरींच्या ऊर्जापुंजास फोनॉन म्हणतात. वस्तू फोनॉनच्या सहज धावेपेक्षा लहान असली, तर तो पृष्ठभागावर वारंवार आदळतो व उष्णतेची वाट अडते. सुमारे ५० नॅनोमीटर जाडीच्या सिलिकॉनच्या तारेची उष्णतावाहकता मूळच्या एक चतुर्थांशाहूनही कमी भरते. संगणक व मोबाईलमधील सूक्ष्म भाग तापण्याच्या प्रश्नाशी याचा थेट संबंध आहे.

क्षणाचे मापन

या घडामोडी अतिशीघ्र होतात. सेकंदाचे दहा कोटी कोटी भाग केल्यास त्यांतील एक भाग म्हणजे फेम्टोसेकंद. लेसरचा एक अल्पकालिक झोत पदार्थ तापवितो. थोड्या विलंबाने येणारा दुसरा झोत त्याची अवस्था टिपतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील प्रा. जी. रवींद्र कुमार यांनी अशाच, परंतु अतिप्रखर झोतांनी पदार्थात होणाऱ्या बदलांचा अभ्यास केला. त्यांना २०१५ चा इन्फोसिस पुरस्कार मिळाला.

वाया जाणाऱ्या उष्णतेचा उपयोग

काही पदार्थांची एक बाजू तापविली की वीज निर्माण होते. त्यांतून वीज सहज वाहावी, उष्णता मात्र अडावी, ही यातील अवघड अट होय. बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातील कनिष्क बिस्वास, मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे पदवीधर उमेश वाघमारे व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये चांदी, अँटिमनी व टेलुरियम यांच्या संयुगात थोडे कॅडमियम मिसळून ही अट बऱ्याच अंशी साधली. अणूंची रचना नॅनोमीटरच्या पातळीवर सुधारल्याने हे शक्य झाले. मात्र टेलुरियम दुर्मिळ व कॅडमियम विषारी असल्याने असे पदार्थ घरोघरी पोहोचण्यास अवकाश आहे.

शिक्षकांसाठी

गरम पाण्याच्या भांड्यात स्टीलचा व लाकडाचा असे दोन चमचे ठेवून त्यांच्या वरच्या टोकांना मेणाने मणी चिकटवावेत. कोणता मणी आधी गळतो, हे मुलांनी पाहावे. मग विचारावे : हाच चमचा केसाच्या हजाराव्या भागाइतका बारीक केला तर? या प्रश्नाचा पाठपुरावा करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यास नांदेड येथे १९९४ मध्ये स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात भौतिकशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेता येते. ती वाट गावच्या शाळेतूनच सुरू होते.