एक सर्व्हर की दोन?

शाळेच्या गुणांच्या नोंदी साठवून मागेल त्यास पुरविणारा संगणक, म्हणजे सर्व्हर, एकच घ्यावा की जोडीस दुसराही असावा, असे एका पालकांनी आम्हांस विचारिले. एक बंद पडताच दुसरा काम उचलील, हे खरे. परंतु पहिला खरोखर बंद पडला, की मधला संपर्कच तुटला, हे दुसऱ्याने ओळखावे कसे? दोघेही स्वतःस मुख्य समजू लागले, तर दोन ठिकाणी निरनिराळ्या नोंदी होतात. म्हणून तिसरा साक्षी ठेवून बहुमताने मुख्य ठरवितात.

२०१८ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतील गिटहब कंपनीच्या पूर्व किनाऱ्यावरील मुख्य केंद्राचा संपर्क अवघे ४३ सेकंद तुटला. तेथे बहुमताची व्यवस्था होतीच! तिने मुख्यपद पश्चिम किनाऱ्याकडे दिले; पण पूर्वेकडील काही नोंदी तिकडे पोहोचल्याच नव्हत्या. सर्व सुरळीत होण्यास २४ तास ११ मिनिटे लागली.

९९.९ टक्के वेळ चालणारे यंत्र वर्षात सुमारे पावणेनऊ तास बंद असते. इस्पितळास हे परवडणार नाही, शाळेस परवडेल. तेव्हा एकच सर्व्हर घ्यावा, मात्र रोजची प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवावी, आणि तीवरून नोंदी खरोखर परत मिळतात की नाही, हे दर सत्रात एकदा करून पाहावे, असे आम्ही त्यांस सांगितले.