थंडीचे ऊन घरात कसे आणावे?

ऊन सगळ्यांच्या अंगणात येते. घरात मात्र ते सगळ्यांच्या येत नाही. पौष महिन्यात सकाळी गावातून एक फेरी मारा. माणसे भिंतीला पाठ लावून बाहेर उन्हाला बसलेली दिसतील. स्वतःचे घर असून ऊब बाहेर शोधावी लागते. असे का? घराला खिडकी नाही, किंवा आहे ती भलत्या बाजूला आहे.

आपला मुळशी तालुका पावसाचा. ताम्हिणीकडे पाऊस कसा कोसळतो, ते तुम्हाला आम्ही काय सांगावे? वाडवडिलांनी घरे बांधली ती पावसाला भिऊन. छप्पर खाली ओढले. वळचण लांब ठेवली. खिडक्या लहान ठेवल्या. ते शहाणपणाचेच होते. पण थंडीत तेच घर आतून काळोखे आणि गार राहते. म्हातारी माणसे, बाळंतीण, तान्हे मूल यांचे हाल होतात. मग रात्री कोळशाची शेगडी आत आणतात आणि दारे लावून घेतात. हे फार वाईट. बंद खोलीत शेगडीतून विषारी वायू साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपलेला माणूस झोपेतच जातो. उन्हाला मात्र धूर नाही आणि पैसाही नाही.

आता ऊन कसे चालते ते पाहू. उन्हाळ्यात सूर्य दुपारी डोक्यावर येतो. हिवाळ्यात तो दुपारीसुद्धा दक्षिणेकडे कललेला असतो. हे पुस्तकात वाचून सोडू नका, स्वतः मोजा. तीन फुटांची सरळ काठी अंगणात उभी रोवा. आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो तो घड्याळात बाराला नव्हे, साडेबारा वाजून गेल्यावर. त्या वेळी सावली मोजा. २२ डिसेंबरच्या सुमाराला ती उत्तरेकडे सुमारे पावणेतीन फूट पडेल. मे महिन्याच्या मध्यावर एक दिवस असा येतो, की काठीची सावली पडतच नाही!

पुष्कळ लोक म्हणतात, सूर्य संक्रांतीला उत्तरेकडे वळतो. फार पूर्वी तसे होते. आता तो तीन आठवडे आधीच वळतो. तिळगूळ संक्रांतीलाच खा, पण सावली डिसेंबरात मोजा.

या सावलीतच सगळी युक्ती आहे. दक्षिणेच्या भिंतीला चार फूट उंचीची खिडकी ठेवली. तिच्या डोक्यालगत दीड फूट पुढे येणारा छज्जा काढला. डिसेंबरात दुपारी छज्जाची सावली खिडकीच्या वरच्या पावणेदोन फुटांवर पडते. खालून दोन फुटांहून जास्त ऊन आत येते. मार्च उजाडून ऊन तापू लागले, की सूर्य वर चढतो. २१ मार्चला त्याच छज्जाची सावली साडेचार फूट खाली येते. म्हणजे सगळी खिडकी झाकली जाते. छज्जा तोच, खिडकी तीच. थंडीत ऊन आत, उन्हाळ्यात ऊन बाहेर. कोणी काही उघडायला नको की मिटायला नको.

छज्जा तीन फूट काढला तर काय होईल? डिसेंबरात जेमतेम वीतभर ऊन आत येईल. मग ती खिडकी थंडीला कामाची नाही. पण पावसाचे काय? नैऋत्येचा वारा पाणी थेट आत मारतो. म्हणून पक्का छज्जा दीड फूटच ठेवा. मृगाच्या आधी त्याच्यापुढे पत्रा किंवा तट्ट्या बांधा, आणि दिवाळी झाली की आठवणीने सोडून टाका. आमच्या पाहण्यात अशी घरे आहेत, जिथे पावसाळ्याचा प्लास्टिकचा कागद माघापर्यंत भिंतीवर फडफडत असतो. आतली आजी गारठ्यात कुडकुडते.

एका शेतकऱ्याला आम्ही हे सांगितले. तो म्हणाला, "गुरुजी, दक्षिण ही यमाची दिशा. तिकडं खिडकी कशी ठेवू?"

आम्ही म्हटले, "बाबा रे, दार नको तर नको ठेवूस. खिडकीतनं यम नाही येत, ऊन येतं."

पूर्वेला खिडकी असावी, सकाळचे कोवळे ऊन मिळते. पश्चिमेची लहानच बरी. वैशाखात दुपारनंतरचे ऊन तिकडून आडवे आत घुसते. छज्जा त्याला अडवू शकत नाही. तिकडे झाड लावावे.

आत आलेले ऊन साठवायचे कशात? दगडात आणि मातीत. जाड भिंत आणि फरशी दिवसा तापते व रात्री हळूहळू ऊब सोडते. पत्रा लवकर तापतो, तितक्याच लवकर गार पडतो. म्हणून पत्र्याखाली चटईचे छत करावे. खिडकीला काच असेल तर ऊन येते आणि वारा अडतो. सूर्य कलला की फळ्यांची दारे लावून घ्या, नाहीतर मिळालेली ऊब तिथूनच निघून जाते.

लडाखात आपल्यापेक्षा कितीतरी कडक थंडी. पाणी गोठते. तिथे लेहजवळ फे गावी सेकमॉल संस्थेने मातीच्या जाड भिंतींची शाळा बांधली. दक्षिणेकडे मोठाल्या काचा ठेवल्या. मुले हिवाळ्यात उन्हाच्याच उबेत राहतात आणि शिकतात. आपली थंडी तर दोन-तीन महिन्यांची. आपल्याला एक खिडकी पुरते.

जुन्या घरात खिडकी पाडायची असेल तर आधी गवंड्याला विचारा. वर लिंटल न घालता मातीची भिंत फोडली तर ती बसते. घरकुल किंवा नवे घर बांधणार असाल, तर पाया आखण्यापूर्वी एक डिसेंबर जागेवर काढा. दुपारी समोरच्या डोंगराची, शेजारच्या भिंतीची, आंब्याची सावली कुठवर येते तिथे खुंट्या ठोका. म्हातारीची बाज कुठे पडणार ते ठरवा. मगच गवंड्याला दोरी धरायला सांगा.