आधी शरीराला विचारा

माझ्या मोठ्या भावाला डाउन सिंड्रोम आहे. दादा आता पन्नाशीला टेकलाय. तो जन्मला तेव्हा डॉक्टरांनी आईबाबांना ‘फार आशा ठेवू नका’ असं सांगितलं होतं, आणि त्या काळाच्या हिशेबाने ते खोटंही नव्हतं. १९८३च्या सुमारास अमेरिकेतसुद्धा डाउन सिंड्रोम असलेल्या माणसाचं सरासरी आयुर्मान पंचविशीच्या आसपास होतं. आज ते साठीपर्यंत पोचलंय. जन्मजात हृदयदोषांवर वेळेत शस्त्रक्रिया होऊ लागल्या, हे त्यामागचं एक मोठं कारण. म्हणजे अशा भावंडांची पन्नाशीतली आजारपणं निभावणारी आमचीच जवळजवळ पहिली पिढी. शाळा कोणती निवडावी हे सांगणारे पुष्कळ भेटतात. थायरॉईड, मोतीबिंदू, विस्मरण यांतून त्याला कसं न्यायचं, हे मात्र आम्हाला घरातच शिकावं लागलं.

१. वागणं बदललं की आधी शरीर तपासावं

चाळिशीच्या अलीकडे दादा हळूहळू मंदावत गेला. तो कामाला जातो त्या कार्यशाळेत कागदी पिशव्या चिकटवता चिकटवता पेंगायचा, वजन वाढलं, आंघोळीला उठवलं की चिडायचा. एका डॉक्टरांनी त्याला हातही न लावता सांगितलं, ‘अशा मुलांचं असंच असतं.’ आई तिथून उठली ती थेट दुसऱ्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी थायरॉईडची टीएसएच तपासणी करायला लावली. थायरॉईड अगदी कमी पडत होतं. गोळी सुरू झाली आणि काही महिन्यांत दादा पुन्हा रेडिओबरोबर मोठमोठ्याने गायला लागला.

पुढे तो जिना उतरायला नकार देऊ लागला, तेव्हा नातेवाइकांनी ‘हट्टी झालाय’ असा शिक्का मारला. निघाला मोतीबिंदू. त्याला खालची पायरीच दिसत नव्हती. डाउन सिंड्रोममध्ये मोतीबिंदू लवकर होतो, कानाची नळी अरुंद असल्याने मळ साठून ऐकू कमी येतं, झोपेत श्वास अडकतो. यातलं काहीच तो स्वतः येऊन सांगत नाही. त्यामुळे थायरॉईड, डोळे, कान, दात, झोप, बद्धकोष्ठता आणि मनाची उदासी हे सगळं पाहून झाल्याशिवाय ‘त्याच्या मतिमंदपणामुळे’ हे कारण मी कोणाकडूनही ऐकून घेत नाही.

२. ‘दुखतंय का?’ या प्रश्नावर विसंबू नये

दादा समोरच्याला खूश करायला ‘हो’ म्हणतो आणि इंजेक्शनच्या भीतीने ‘नाही’ म्हणतो. खरी खूण वेगळी असते. त्याचा चहा तसाच राहतो, गुणगुणणं थांबतं, तो भिंतीकडे तोंड करून झोपतो. दिवसा त्याच्याबरोबर असणाऱ्या मावशींना हे आमच्याआधी कळतं, म्हणून डॉक्टरांकडे जाताना आम्ही त्यांनाही नेतो.

आणखी एक सांगते, कारण याचा आम्हाला अतोनात उपयोग झाला. माणूस बरा असताना त्याचे व्हिडिओ काढून ठेवावेत: चालताना, शर्टाची बटणं लावताना, ताटं मांडताना, स्वतःचं नाव लिहिताना. वर्षातून एकदा, त्याच कामांचे. विस्मरणाच्या नेहमीच्या चाचण्यांमध्ये तारीख विचारतात, वजाबाकी करायला लावतात. दादाला ती कधीच येत नव्हती, मग त्यावरून घसरण कशी कळणार? त्याची तुलना त्याच्या स्वतःच्या गेल्या वर्षाशीच व्हायला हवी. तिशी-पस्तिशीतच ही सुरुवात करावी.

३. त्याला खरं सांगावं

‘गणपतीला जाऊ या’ म्हणून रिक्षात बसवायचं आणि दवाखान्यात उतरवायचं, हे मी अनेक घरांत पाहिलंय. एकदा काम होतं, पण पुढच्या वेळी तो रिक्षातच बसत नाही, गणपतीलासुद्धा नाही. आम्ही थोडक्यात सांगतो आणि आदल्या दिवशीच सांगतो: ‘दादा, उद्या डोळ्याचं ऑपरेशन. सुई टोचेल, थोडं दुखेल. मी बाहेर बसलेली असेन.’

मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी घरी तालीमही केली. उताणं झोपायचं, तोंडावर पातळ कापड, काळा चष्मा लावून जेवायचं. डॉक्टरांनी दिलेले साधे, डोळ्यांत ओलावा ठेवणारे थेंब रोज त्याच वेळी घालायचे. डॉक्टरही भले. त्यांनी सकाळची पहिलीच वेळ दिली, म्हणजे उपाशीपोटी ताटकळणं टळलं. भूल द्यावी लागणार असेल तर एक गोष्ट आठवणीने सांगावी: डाउन सिंड्रोममध्ये मानेचे वरचे मणके सैल असू शकतात, त्यामुळे श्वासासाठी नळी घालताना मान जपावी लागते. भूलतज्ज्ञांना हे माहीत असतं, तरी आपण सांगावंच.

‘बाळा, जीभ दाखव’ असं कोणी म्हणालं की मी नम्रपणे सांगते, ‘हे पन्नाशीचे आहेत, त्यांनाच विचारा.’ बहुतेक डॉक्टर लगेच दादाकडे वळतात. दादाही मग ताठ बसतो.

४. कागद ऑपरेशनच्या आधी

अठरा वर्षं पूर्ण झाली की आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ साली झाला. त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती पालकत्व देते. अर्ज आधीच करावा. संमतीच्या सहीचा प्रश्न अतिदक्षता विभागाच्या दारात सोडवायचा नसतो. त्याच न्यासाच्या निरामय योजनेत १ लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो आणि तो देण्याआधी वैद्यकीय तपासणी मागत नाहीत. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्रही काढून ठेवावं.

५. विस्मरण आलं की काही नियम उलटे होतात

अमायलॉइड नावाचं प्रथिन ज्यापासून तयार होतं, त्याचं जनुक एकविसाव्या गुणसूत्रावर असतं, आणि डाउन सिंड्रोममध्ये नेमकं तेच गुणसूत्र जास्तीचं असतं. म्हणून चाळिशीपर्यंत जवळजवळ सगळ्यांच्याच मेंदूत अल्झायमरचे बदल सुरू झालेले असतात. लक्षणं साधारण पन्नाशीच्या आसपास दिसू लागतात. दादाच्या बाबतीत स्मरणशक्तीआधी स्वभाव बदलला. हौशी माणूस, पण कशात रस घेईना. वरच्या सगळ्या तपासण्या पुन्हा झाल्या, व्हिडिओ पाहिले गेले, आणि मगच डॉक्टरांनी निदान केलं.

बाबा गेले तेव्हा ‘त्याला काय कळणार’ म्हणणाऱ्यांना न जुमानता आम्ही दादाला सगळं सांगितलं होतं. तो स्मशानातही आला होता, रडला होता. आता तो पुन्हा विचारतो, ‘बाबा कुठेत?’ दर वेळी ‘बाबा गेले’ म्हटलं तर दर वेळी त्याला ते नव्याने लागतं. म्हणून आता मी म्हणते, ‘तुला बाबांची आठवण येतेय. तुम्ही दोघं मॅच बघायचात ना?’ आणि आम्ही बाबांबद्दल बोलत बसतो. हे खोटं नाही. खरं सांगण्याची ती वेळ होऊन गेलीय, एवढंच.

घरात थोडेच बदल केले. दारातलं काळं पायपुसणं काढलं, त्याला तो खड्डा वाटायचा. न्हाणीघरात रात्रभर दिवा असतो. कार्यशाळा बंद केली नाही. वेळ अर्ध्यावर आणली आणि पिशव्यांऐवजी सुतळी गुंडाळायचं काम घेतलं.

कार्यशाळेतल्या त्याच्या मित्रांनाही सांगायला हवं होतं. तिथल्या ताईंनी सगळ्यांना गोल बसवून सांगितलं की दादाचा मेंदू आजारी आहे, तो नावं विसरेल, रागावू नका. एका मित्राने विचारलं, ‘मला पण होईल का?’ ताई म्हणाल्या, ‘होऊ शकतं. झालं तर आम्ही तुझ्याजवळ आहोत.’ त्याने मान हलवली आणि दादाची खुर्ची आपल्या शेजारी ओढली. पुढच्याच महिन्यात ताईंनी पालकांची सभा बोलावली. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची टीएसएच, डोळे आणि कान आता तिथे दरवर्षी तपासले जातात, आणि व्हिडिओ काढायचं काम मी घेतलंय.