पीसीओएसचं ताट: पैसे कुठे घालायचे, कुठे वाचवायचे

'नव्वद दिवसांत पीसीओडी मुळापासून बरा!' मोबाईलवर अशी जाहिरात दिसली नाही असा दिवस विरळाच. आत जाऊन पाहिलं तर तीन महिन्यांचं पॅकेज असतं, दहा-बारा हजारांचं. त्यात व्हॉट्सॲपवर येणारा डाएट चार्ट, एक पावडर आणि एक 'हार्मोन चहा'. पीसीओडी, म्हणजेच पीसीओएस, नियंत्रणात ठेवता येतो आणि पुष्कळ जणींचा छान राहतोही, पण तो कायमचा नाहीसा करणारं औषध अजून निघालेलं नाही. त्यामुळे 'मुळापासून' हा शब्द दिसला की पाकीट मिटायला हरकत नाही.

या आजारात खाणं बदलण्याला खरोखर महत्त्व आहे. बऱ्याच जणींच्या शरीरात इन्सुलिन नीट काम करत नाही, म्हणून ते जास्त तयार होतं. हे जादा इन्सुलिन बीजांडकोशांना पुरुषी संप्रेरकं वाढवायला लावतं. पाळी लांबणं, हनुवटीवर केस, मुरुमं ही त्यातूनच आलेली लक्षणं. वजन जास्त असेल तर ते पाच टक्के उतरलं तरी फरक दिसू शकतो, म्हणजे सत्तर किलोच्या बाईचं साडेतीन किलो. बारीक मुलींनाही पीसीओएस असतो. त्यांनी उपाशी राहून आणखी वाळायचं नाही, ताटातलं प्रमाण बदलायचं.

आता कोणता डाएट? 2023 साली या आजारासाठी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं नव्यानं निघाली. त्यांत स्पष्ट म्हटलंय की कोणताही एक विशिष्ट आहार दुसऱ्यापेक्षा सरस ठरलेला नाही. कीटो, ग्लुटेन-फ्री, दूधबंदी यांपैकी कशालाच पीसीओएसपुरतं खास स्थान नाही. गव्हाची किंवा दुधाची खरीच बाधा असेल तर गोष्ट वेगळी. जो आहार तुम्ही वर्षानुवर्षं खाऊ शकाल तोच चांगला, आणि तो बहुतेकदा आपल्याच किराणा दुकानात मिळतो.

दहा ग्रॅम प्रथिनं कितीला पडतात?

आपल्या नेहमीच्या ताटात पोळी-भात भरपूर आणि प्रथिनं कमी. आयसीएमआरच्या हिशेबाने दर किलो वजनामागे दिवसाला साधारण 0.83 ग्रॅम प्रथिनं हवीत, म्हणजे साठ किलोच्या बाईला पन्नास ग्रॅम. सकाळी पोहे, दुपारी पोळी-बटाट्याची भाजी, रात्री वरण-भात एवढ्यावर तो आकडा गाठणं अवघडच. खर्चाचा खरा मुद्दा इथे आहे, म्हणून जरा बारकाईने पाहू. खालचे भाव शहरातल्या किरकोळ बाजारातले आणि ढोबळ आहेत. तुमच्या गावी थोडे इकडेतिकडे होतील.

मटकी किलोला 130 रुपये धरली तर तिच्यातून दहा ग्रॅम प्रथिनं सहा रुपयांना पडतात. शेंगदाण्यांचंही तेवढंच, फक्त त्यांच्यासोबत तेल येतं म्हणून एक मूठ पुरे. सोयाबीनच्या वड्या सगळ्यांत स्वस्त, तीन रुपये. अंड्यातून बारा, दुधातून एकोणीस-वीस, पनीरमधून बावीसच्या आसपास. अडीच हजार रुपये किलोची व्हे पावडर घेतलीत तर तेच दहा ग्रॅम चौतीस रुपयांना. प्रोटीन बारचं गणित मी मांडत नाही. वेष्टनावरचा प्रथिनांचा आकडा वाचा, किमतीला भागा आणि मग मटकीकडे प्रेमाने पाहा.

व्हे वाईट नाही. व्यायाम जोरात असेल आणि घरी उसळ कुणी करत नसेल तर सोयीची आहे. पण 'पीसीओएस प्रोटीन' नावाच्या गुलाबी डब्यासाठी जादा पैसे देऊ नका. मागचं लेबल साध्या डब्याच्या लेबलाशी ताडून पाहिलंत तर फरक बहुधा रंगाचाच निघेल.

महिन्याचा हिशेब असा. रोज पन्नास ग्रॅम कडधान्य, दोन अंडी, वाटीभर दही आणि एरवीपेक्षा पाव किलो जास्त भाजी घेतली, तर दिवसाला पंचेचाळीस-पन्नास रुपये, महिन्याला चौदाशे-पंधराशे वाढतात. दुसऱ्या बाजूने संध्याकाळचा वडापाव, बिस्किटांचा पुडा आणि थंड पेय सुटलं की त्यातले निम्मे-अर्धे परत येतात. अंडी न खाणाऱ्यांनी कडधान्य आणि सोया वाढवावं, खर्च उलट कमीच होईल.

ज्वारी, बाजरी, नाचणी जरूर खा. गव्हापेक्षा किलोमागे दहा-वीस रुपये जास्त पडतील, आणि दळण गिरणीतून आणलंत तर भेसळीची चिंताही नाही. मात्र भाकरी आहे म्हणून चार चालतात असं नाही; पिठातला स्टार्च तिथेही आहेच. पाकिटातलं 'मल्टिग्रेन' पीठ घेताना घटकांची यादी वाचा. जो घटक सर्वांत जास्त तो आधी लिहावा लागतो. पहिलं नाव गहू आणि बाकी सगळे दोन-दोन टक्के असतील, तर तुम्ही महागाचा गहू घेताय.

क्विनोआ, चिया, बदामाचं दूध हे हौसेचे मामले. चिया पाचशे-आठशे रुपये किलो आणि जवस दीड-दोनशे. घरची जवसाची चटणी रोज चमचाभर खा. पाळीच्या चक्रातल्या पंधरवड्यांनुसार वेगवेगळ्या बिया खाण्याची जी टूम आहे, तिला भक्कम पुरावा नाही. तीळ, जवस पौष्टिक आहेत, ते कुठल्याही तारखेला खावेत.

साखरेची कपात तर फुकटच. दोन चमचे साखरेचे तीन चहा म्हणजे पंचवीस-तीस ग्रॅम साखर. गूळ घातला तर रंग बदलतो, हिशेब नाही. चतुर्थी-सोमवारच्या उपासाची साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. उपास मोडायला कुणी सांगत नाही. राजगिरा, दाणे, दही-ताक यांवर तो तितकाच पाळला जातो.

वेगळं ताट महाग पडतं

किराणापेक्षा मोठा खर्च डोळ्यांना दिसत नाही, तो कष्टाचा. 'तिचं डाएटचं' म्हणून आई पहाटे उठून वेगळा डबा करते, किंवा नोकरी करणारी मुलगी स्वतःच दोन स्वयंपाक करते. महिन्या-दीड महिन्यात दोघी थकतात आणि सगळं सुटतं. त्यापेक्षा घरातल्या सगळ्यांच्याच ताटात उसळ वाढली, भात कमी झाला तर वेगळं रांधावं लागत नाही. घरात मधुमेहाची पार्श्वभूमी असेलच, तर बाबांनाही ते ताट लागू आहे. त्यांची कुरकुर गृहीत धरा.

होस्टेल किंवा पीजीवर राहणाऱ्यांनी 'डाएट टिफिन' शोधण्याआधी नेहमीच्या डबेवाल्या काकूंशी बोलावं: एक पोळी आणि भात कमी करा, उसळ दुप्पट द्या. महिन्याला दोन-तीनशे रुपये जादा घेऊन बऱ्याच जणी तयार होतात. डाएट टिफिनचे दर यापेक्षा पुष्कळ चढे असतात. तीन-चारशे रुपयांत अंडी उकडायचं छोटं यंत्र येतं, तेही खोलीवर उपयोगी पडतं. होस्टेलचे नियम तेवढे पाहून घ्या.

तपासण्या आणि सल्ला

इथे लोक नको तिथे खर्च करतात आणि हवा तिथे करत नाहीत. पाळी अनियमित आहे आणि पुरुषी संप्रेरकं वाढल्याची लक्षणं किंवा रिपोर्टही आहे, तर इतर कारणं वगळल्यावर प्रौढ स्त्रीत निदानासाठी सोनोग्राफी लागतच नाही. पाळी सुरू होऊन आठ वर्षं झालेली नसतील, तर मुलीत निदानासाठी ती करूच नये असं मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, कारण त्या वयात निरोगी मुलींचे बीजांडकोशही तसेच दिसतात. 'उपाशीपोटी इन्सुलिन'ची तपासणीही रोजच्या उपचारात उपयोगाची मानली जात नाही. याउलट 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी केलेली साखरेची तपासणी दोन-चारशे रुपयांत होते, आणि तीच बहुतेक पॅकेजांत नसते. थायरॉईड आणि प्रोलॅक्टिन मात्र पाहावेत, म्हणजे दुसरी कारणं बाजूला होतात.

महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपरसह तपासणी-उपचार मोफत आहेत. महापालिकेची आणि वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं यात येत नाहीत, तिथे माफक शुल्क लागतं. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन लिहून दिलं तर ते महाग नाही. दिवसाला पाचेक रुपये, जनऔषधी केंद्रात त्याहून कमी. इनोसिटॉल या पूरकाच्या पुड्या मात्र महिन्याला हजार-दीड हजारांपर्यंत जातात. त्यांचा पुरावा मर्यादित आहे, अपायही फारसा नाही. पैसे मोजकेच असतील तर ते आधी मटकी-अंड्यांवर जावेत, असं माझं मत.

आहारतज्ज्ञाचा सल्ला एकदा घ्यावाच, पण पॅकेज नको. एका भेटीचे पाचशे ते दीड हजार रुपये द्या, महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा जा. शिक्षण विचारा. इंडियन डाएटेटिक असोसिएशनची परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांच्या नावापुढे 'आरडी' असतं. तुम्ही काय खाता, घरी कोण शिजवतं, उपास कोणते, हे न विचारता जो चार्ट हातात ठेवतो आणि मग स्वतःचीच पावडर विकतो, त्याचा सल्ला फुकटही महाग.

असा पावडरचा डबा घेतलाच असेल तर पाहा: पूरक आहाराच्या वेष्टनावर तो औषध म्हणून वापरायचा नाही अशी सूचना छापणं बंधनकारक आहे. वेष्टनावर ती सूचना आणि जाहिरातीत 'बरा करतो', असा प्रकार दिसला तर बिल, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि व्हॉट्सॲपवरच्या बोलण्याचा मजकूर जपून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर तक्रार नोंदवा.

आणि पाळी नव्वद दिवसांहून जास्त लांबली, तर ताट कितीही चांगलं असो, स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. गर्भाशयाचं अस्तर महिनोन्महिने साचत राहणं धोक्याचं असतं, आणि त्यावर उसळ हा उपाय नाही. चालू असलेल्या गोळ्या डाएट सुरू केला म्हणून परस्पर बंद करू नका; दिवस राहावेत असं मनात असेल तर तेही डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा, कारण औषधं त्यावर ठरतात.