दुभत्या जनावरांची निगा

शिरूर घोडनदीच्या कांठीं व दौंड भीमेच्या कांठीं वसलें आहे. हे दोन्ही तालुके कमी पावसाचे. तरी जेथें कालव्याचें व नदीचें पाणी पोंचलें तेथें ऊंस आला, आणि उंसाच्या मागोमाग दारोदारीं संकरित गाय बांधली गेली. उंसाचे पैसे वर्षाकांठीं मिळतात. घरचा रोजचा किराणा, औषधपाणी आणि पुष्कळ विद्यार्थ्यांच्या वह्या-पुस्तकें दुधाच्या पैशांतून येतात. म्हणून गाईचें आरोग्य हा केवळ वडील माणसांचा विषय नव्हे.

गाय मुकी आहे; पण पाहणाऱ्यास ती पुष्कळ सांगते. निरोगी गाय दिवसरात्रींतून सात-आठ तास रवंथ करते. तिचें नाक ओलसर व डोळे तेजस्वी असतात, आणि शरीराचें उष्णतामान सुमारें १०१ ते १०२ अंश फॅरनहाइट असतें. जी गाय वैरण टाकते, रवंथ थांबविते, कळपापासून दूर उभी राहते किंवा एकाएकीं दूध चोरते, ती आजारी आहे असें समजून पशुवैद्यास त्याच दिवशीं बोलवावें. उद्यांवर टाकलेला उपाय बहुधा दुप्पट महाग पडतो.

उंसतोडणीच्या हंगामांत वाढे स्वस्त मिळतात, म्हणून कित्येक घरीं गाईपुढें तेवढेच टाकतात. पोट भरतें, परंतु गाय झिजते. ह्याचें कारण असें कीं, वाढ्यांत ऑक्झलेट नांवाचें द्रव्य असतें. तें चाऱ्यांतील कॅल्शियम बांधून ठेवतें व अंगीं लागूं देत नाहीं. दुधावाटे तर कॅल्शियम रोज बाहेर जातच असतें. ही तूट अखेर हाडांतून भरली जाते. ह्यास्तव वाढ्यांवर चुन्याची निवळी शिंपडावी, रोज क्षारमिश्रण द्यावें, आणि जोडीला लसूणघास, मका व कडबा असावा. स्वच्छ पाणी दिवसभर पुढ्यांत असावें. उन्हाळ्यांत तर सावली व पाणी हेंच अर्धें औषध होय.

चाऱ्याइतकेंच कासेला जपावें. धार काढल्यावर सडाचें तोंड सुमारें अर्धा तास उघडें राहतें. तेवढ्यांत गाय शेणांत बसली, तर जंतु आंत शिरून कासदाह, म्हणजे दगडी, होते. म्हणून धार संपतांच सड जंतुनाशक द्रावणांत बुडवावे व पुढ्यांत वैरण टाकावी, म्हणजे गाय उभी राहते. पहिली धार काळ्या वाटींत घेऊन पाहावी; गांठी दिसल्या कीं रोग ओळखावा.

सांथीच्या रोगांवर लस हाच उपाय. १८८९ सालीं पुण्यांत जनावरांच्या रोगांच्या अभ्यासासाठीं सरकारी प्रयोगशाळा निघाली व १८९३ सालीं ती हिमालयांत मुक्तेश्वर येथें गेली. त्या काळीं बुळकांडीनें गोठेच्या गोठे ओस पडत. तीच बुळकांडी लसीच्या बळावर समूळ नष्ट झाल्याचें २०११ सालीं जाहीर झालें. परंतु लाळ्या-खुरकूत अद्याप आहे, आणि २०२२ सालीं लम्पी त्वचारोगानें महाराष्ट्रांतील पशुपालकांस हवालदिल केलें. लस टोंचल्यानें आपल्याबरोबर शेजाऱ्याचाही गोठा वांचतो.

आणखी एक गोष्ट पालकांसाठीं. आजारी गाईस प्रतिजैविक दिल्यावर डॉक्टर सांगतील तितके दिवस तिचें दूध विकूं नये. तोटा होतो खरा. परंतु तें दूध कोणाच्या तरी लेकराच्या पेल्यांत पडावयाचें असतें. विश्रांतीच्या दिवसाची आज्ञा देतांना पवित्र शास्त्रानें गुराढोरांस वगळलेलें नाहीं; मग त्यांच्याविषयींचें आपलें कर्तव्य केवळ दुधाच्या मापानें कसें मोजावें?

विद्यार्थ्यांनीं आजच एक वही करावी. प्रत्येक गाईच्या नांवें एक पान राखून त्यावर रोजचें दूध, दिलेला चारा, लस टोंचल्याची व व्याल्याची तारीख लिहावी. महिन्याभरानें ती वही वडिलांस वाचून दाखवावी. कोणती गाय सुखी आहे व कोणती नाहीं, हें त्या आंकड्यांवरून दोघांसही कळेल.