रिकामा महिना बघून झाड लाव

चि. बाळू,


दादाचा फोन आला होता. माळाच्या दोन एकरांत महोगनी लावायचं तू मनावर घेतलंस आणि ट्रॅक्टर वळायला अडचण होते म्हणून बांधावरची चिंच अन् बाभळी काढायला निघालास, असं म्हणाला. रोपं विकणाऱ्यानं बारा वर्षांनी किती पैसा होईल ते कागदावर मांडूनही दिलंय म्हणे. त्याला एवढंच विचार, लाकूड तूच त्या भावानं घेशील असं स्टॅम्पवर लिहून देतोस का? आणि बारा वर्षं शेळ्यांनी काय खायचं, तेही विचार.

महोगनीशी माझं वैर नाही. ज्याची विहीर बारमाही आहे, नोकरीचा पगार घरात येतो, त्यानं खुशाल लावावी. पण कोरडवाहू माणसानं झाड भावावर निवडू नये, महिन्यावर निवडावं. ज्वारी निघाली की मृगापर्यंत आपल्याकडं हाताला काम नसतं आणि खिशात दमडी नसते. लग्नं तेव्हाच, बियाणं-खत तेव्हाच, शाळेच्या वह्याही तेव्हाच. मुकादमाकडं उचल मागायची पाळी इथूनच सुरू होते. त्या तीन महिन्यांत जे झाड काही देतं, ते तुझं झाड.

तू काढायला निघालास ती चिंच नेमकी तेव्हाच पिकते. फेब्रुवारी-मार्चात व्यापारी येतो, झाडाखाली उभा राहून वर बघतो आणि उक्ता सौदा करतो. घरात फोडायला माणसं असतील तर देऊ नकोस. झोडपून पाडलेली चिंच दोन-चार दिवस कडक उन्हात वाळली की टरफल सुटं होतं. मग दगडावर ठेवून हलक्या हातानं ठोकायचं, शिरा ओढायच्या, पोट फाडून चिंचोका काढायचा. जास्त ठोकलं की गर चिकटतो आणि माल काळा पडतो. बार्शीच्या बाजारात फोडलेल्या चिंचेला टरफलासकटच्या चिंचेपेक्षा कितीतरी चढा भाव असतो. तो वरचा पैसा आम्हा बायकांच्या बोटांचा, आणि सावलीत बसून मिळवलेला. चिंचोकेही वाया जात नाहीत. त्यांच्या पुडीची खळ कापडाच्या धंद्यात लागते. नवी लावायचीच असेल तर कलम आण. मराठवाड्याच्या कृषी विद्यापीठाचं 'प्रतिष्ठान' वाण आहे. बियांवरचं झाड फळाला यायला आठ-दहा वर्षं घेतं, कलम त्याच्या निम्म्यात येतं.

बाभळीचंही तसंच. वैशाखात शिवारात गवताची काडी नसते तेव्हा तिच्या शेंगा गळतात आणि शेळ्या त्यांच्यावर निघतात. पसरट बाभळीच्या सावलीनं ज्वारी खुरटते हे तुझं म्हणणं खोटं नाही. त्यासाठी रामकाठी लाव. ती खराट्यासारखी सरळ वर जाते, सावली नावापुरती. बाकी झाडांना दरसाल छाटणी दे आणि बांधालगत दोन-अडीच फूट खोल चर काढ, म्हणजे मुळ्या पिकात शिरत नाहीत. पाखरं कणसावर बसतात हेही खरं. पण तीच पाखरं तुरीवरच्या अळ्या वेचतात, हे आपण हिशेबात धरत नाही.

कडुनिंबाच्या निंबोळ्या पावसाच्या तोंडावर पडतात. पोरांना गोळा करायला लाव, वाळवून ठेव. पाच किलो निंबोळीची पूड रात्रभर भिजवून, गाळून शंभर लिटर पाण्यात केली की पाच टक्के अर्क होतो. अळी लहान असतानाच फवारायचा; दुकानातल्या एक-दोन फवारण्या तरी वाचतात.

माळाची जमीन मात्र नुसती भरड आहे. तिथं उताराला आडवा बांध घालून त्यावर गिरीपुष्पाची छाटं खोवून दे. मोकाट जनावरं ते सहसा तोंडात धरत नाहीत, म्हणून राखणीशिवाय जगतं. पाला पेरणीआधी मातीत गाडला की कुजायला वेळ लागत नाही आणि नत्र मिळतं. वळवाच्या पहिल्या सरीला उघडा बांध कसा फुटतो आणि वरची माती ओढ्याला कशी जाते, ते तू दरवर्षी बघतोसच. मुळ्यांनी धरलेला बांध तसा फुटत नाही, आणि पाणी खाली मुरतं ते आपल्याच विहिरीला.

वाडी नावाचा प्रकार तू ऐकला असशील. मणिभाई देसाईंच्या बाएफ संस्थेनं 1982 पासून गुजरातेत वांसद्याच्या आदिवासी भागात तो उभा केला: एकरभर आंबा-काजू, मधल्या पट्ट्यांत नेहमीची पिकं, कडेनं जळणाची आणि लाकडाची झाडं. फळ येईपर्यंत मधल्या पिकानं घर चाललं, म्हणून ते टिकलं. तुझ्या दोन एकरांत मला तसंच काहीसं दिसतं: सीताफळ, थोडा केशर आंबा, मधे तूर-मूग. सीताफळाला शेळी शिवत नाही आणि पाणीही बेताचं लागतं. आपल्या राज्यात 1990 पासून रोजगार हमीतून फळबाग मिळते. कृषी सहायकाला गाठ. पैसा टप्प्यानं येतो आणि झाडं जगली तरच पुढचा, तेव्हा फोटोपुरते खड्डे घेऊ नकोस.

कागदाचं दोनदा सांगते. झाडांची नोंद सातबाऱ्यावर करून घे. चिंच, आंबा, साग, चंदन ही झाडं आपल्या रानातली असली तरी तोडायला परवानगी लागते, 1964 पासूनचा कायदा आहे. म्हणजे ती चिंच तू ट्रॅक्टरसाठी पाडली असतीस तर दंड दादाच्या नावानं आला असता.

आणि उत्तरेच्या बांधावर काही लावायच्या आधी शेजाऱ्याशी बोल. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कलतो, त्यामुळं त्या बांधावरच्या झाडांची सावली त्याच्या ज्वारीवर पडणार. बांधाच्या भांडणात झाड आधी मरतं. त्यापेक्षा विहिरीच्या कडेला, ओढ्याला आणि गाडीवाटेला जागा पुष्कळ आहे, तिथून सुरुवात कर. खड्डे उन्हाळ्यातच घेऊन तापू दे.

तुझ्या आईला विचार, वर्षातला कुठला महिना तिला सगळ्यात जड जातो. तिचं उत्तर आलं की मला फोन कर, मग रोपांची यादी करू.

तुझी,
आत्या