आपले नगर : लष्कराचे शहर

नगर हे आपल्या जिल्ह्याचे ठिकाण आहे. त्याचे जुने नाव अहमदनगर. २०२४ साली ते अहिल्यानगर झाले, कारण अहिल्यादेवी होळकर यांचा जन्म १७२५ साली आपल्याच जिल्ह्यात चौंडी या गावी झाला. पण आमच्या गावातली सर्व माणसे अजून नगरच म्हणतात, म्हणून मी पण नगर लिहिले आहे.

१४९० साली मलिक अहमद याने बहामनी फौजेचा पराभव केला व पुढे सीना नदीच्या काठी हे शहर वसविले. आपल्या चौथीच्या पुस्तकात जी निजामशाही येते, तिची ही राजधानी. शहरात शहाशरीफ यांचा दर्गा आहे. मालोजीराजे भोसले यांनी तेथे नवस केला व मुले झाल्यावर त्यांची नावे शहाजी व शरीफजी ठेवली, असे सांगतात. शहाजीराजे म्हणजे शिवरायांचे वडील. शरीफजी १६२४ साली नगरजवळच्या भातवडीच्या लढाईत मारले गेले. त्या लढाईत मलिक अंबरने तलावाचे पाणी सोडून शत्रूच्या वाटेत चिखल केला होता. मला ही युक्ती फार आवडते.

नगरचा किल्ला डोंगरावर नाही, सपाट जमिनीवर आहे. अशा किल्ल्याला भुईकोट म्हणतात. हुसेन निजामशहाने १५५९ पासून त्याचा दगडी कोट बांधला. भोवती खोल खंदक आहे. हुसेनची मुलगी चांदबिबी. १५९५ साली मोगलांनी वेढा घातला व सुरुंग लावून तट पाडला. तेव्हा ती स्वतः तलवार घेऊन भगदाडापाशी उभी राहिली आणि रातोरात तट पुन्हा बांधून घेतला. गोळे संपले तेव्हा तिने तोफेत पैसे भरून मारले, असेही म्हणतात. पुढे १६०० साली तिच्याच माणसांनी तिला मारले, आणि किल्ला मोगलांकडे गेला. बाहेरच्यांना जमले नाही ते घरच्यांनी केले, असे आमची आज्जी म्हणते.

१८०३ साली इंग्रजांनी किल्ला घेतला. १९४२ च्या चळवळीत त्यांनी पंडित नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद वगैरे १२ पुढारी येथे कैदेत ठेवले. नेहरू दगडगोट्यांची जमीन खणून फुलझाडे लावीत. भारताच्या इतिहासावरचा त्यांचा मोठा ग्रंथ त्यांनी १९४४ साली येथेच पाच महिन्यांत लिहिला. मला एक पानाचा निबंध लिहायला दोन दिवस लागतात.

इंग्रजांच्या वेळेपासून भिंगारला लष्कराची छावणी आहे. तिला लोक कॅम्प म्हणतात. रणगाडे चालविणाऱ्या जवानांचे शिक्षण येथे होते. तोफेचा नेम धरण्याचा सराव के. के. रेंजवर चालतो. सराव असला की आमच्या घराचे पत्रे वाजतात. आभाळ गडगडले का रेंज वाजली, हे आता आमच्या म्हशीला पण कळते.

पुढचे मी मुद्दाम लाल शाईने लिहिले आहे. काही पोरे गुरे राखताना रेंजच्या बाजूला पितळ, लोखंड वेचायला जातात, कारण भंगारवाला किलोवर पैसे देतो. पण त्यात न फुटलेला गोळा असू शकतो. वरून गंजला तरी आतली दारू मरत नाही. हात लावला किंवा दगड मारला तरी तो फुटू शकतो. दिसला तर उचलू नये, घरी तर मुळीच आणू नये. लांब जावे, जागा ध्यानात ठेवावी आणि पोलीस पाटलांना सांगावे. गुरे राखणाऱ्या पोरांच्या आईबापांनी हे वाचावे. ज्यांना वाचता येत नाही त्यांना मुलांनी वाचून दाखवावे.

रणगाडा बघायचाच असेल तर नगरला रणगाड्यांचे संग्रहालय आहे, तेथे जवळून बघता येतो. ते १९९४ साली सुरू झाले. तेथे सुमारे ५० गाड्या आहेत. आवडीला तयार झालेला विजयंता आहे. १९६५ च्या लढाईत मिळालेला पाकिस्तानचा पॅटन रणगाडा आहे. त्या लढाईत अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या तोफेने असेच पॅटन फोडले व त्यांना वीरमरण आले. त्यांना परमवीर चक्र मिळाले.

कॅम्पजवळ दमडी मशीद आहे. किल्ल्याच्या बांधकामावरील मजुरांनी मजुरीतून एकेक दमडी काढून ती बांधली, असे सांगतात. तिच्या दगडावरचे नक्षीकाम बघण्यासारखे आहे.

पाथर्डी रस्त्याला डोंगरावर चांदबिबीचा महाल आहे. नाव चांदबिबीचे, पण खरे म्हणजे ती सलाबतखान या निजामशाहीच्या वजिराची कबर आहे. इमारत तीन मजली व आठ बाजूंची आहे. वरून सगळे नगर दिसते. चढ मोठा आहे, म्हणून सहलीला जाताना पाण्याची बाटली भरून न्यावी.